समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार नाही

‘नागपुरात समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा, शाळेच्या डब्यातही बंदी’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तसं काही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेचे माहितीफलक लावायला सुचवलं होतं. ठेल्यावरच्या पदार्थांना लेबल लावायचा आदेश नाही, हे सरकारने जुलै २०२५ मध्येच स्पष्ट केलं. तर्री-पोहेवाल्यांनी निश्चिंत राहावं!

शाळांचं वेगळं आहे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कारण ११ ते १८ वयाच्या मुलांच्या रोजच्या कॅलरीपैकी १५ टक्के साखरेतून येतात. मर्यादा ५ टक्क्यांची. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर किती, हे पोरांना तिथे वाचता येतं. २०२० च्या नियमानुसार जास्त तेल-साखर-मिठाच्या पदार्थांची विक्री शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद आहे. घरच्या डब्याला तो लागू नाही.