सहा बोफोर आणि ओखी

उजव्या गुडघ्यावरची खपली अजून पडलेली नाही आणि काल रात्री कानातून आणखी एक काळा खडा निघाला, मोहरीएवढा. बायको म्हणते जपून ठेवा, ट्रिपची आठवण. 30 युरो मोजून दोन आडव्या खुर्च्या आणि एक छत्री घेतली त्या बीचवर फुकट मिळालेली ही एकच गोष्ट, तेव्हा ठेवायलाच हवी.

तर ग्रीसमधलं सँटोरिनी बेट, कमारी बीच, ऑगस्ट. फोटोत दिसतात ती पांढरी घरं नि निळे घुमट बेटाच्या दुसऱ्या बाजूला, ज्वालामुखीच्या कड्यावर. पाण्यात उतरायचं तर इकडे पूर्वेला यायचं, जिथे सगळं काळं. म्हणजे लाव्हाचा चुरा, तव्यासारखा काळा, आणि दुपारी तापतोही तव्यासारखाच. पहिल्या दिवशी चपला खुर्चीखाली सारून ऐटीत अनवाणी निघालो, पाच-सहा पावलं माणसासारखी टाकली आणि पुढची वीस लाहीसारखी. कोण कोण हसलं ते लक्षात आहे माझ्या.

रिसॉर्टच्या दारात एक फळा. रोज सकाळी एक पोरगा येऊन त्यावर खडूने समुद्राची तब्येत लिहिणार. लाट किती, पाणी किती गरम, वारा किती. पहिल्याच सकाळी लिहिलेलं, 6 बोफोर. आता आमच्या पिढीला बोफोर्स म्हटलं की तोफ आणि घोटाळा सोडून काही आठवत नाही, त्यामुळे मी जरा दचकलोच. मग कळलं की हा ब्यूफोर्ट. ब्रिटिश नौदलातला अधिकारी, 1805 साली त्याने वाऱ्याला 0 ते 12 असे मार्क द्यायची पद्धत काढली, आणि ग्रीक माणूस आजही उठल्याउठल्या आज किती बोफोर हेच विचारतो, कारण बोटी सुटणार की नाही ते त्यावर ठरतं. सहा म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर. आणि त्या स्केलमध्ये सहा या आकड्यासमोरच चक्क असं वर्णन आहे की छत्री सांभाळणं अवघड जातं! आमची छत्री अकराच्या सुमारास त्या पोराने येऊन मिटवली, सेफ्टी म्हणाला. मी म्हटलं मग छत्रीचे पैसे? तर तो समुद्राकडे बघायला लागला.

हा वारा म्हणजे मेल्तेमी. उन्हाळ्यात उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये जोरात, बहुतेकदा दुपारी चढतो नि रात्री उतरतो. आणि गंमत अशी की त्याचं आपल्या मान्सूनशी नातं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो त्याचं एक टोक पार तुर्कस्तानापर्यंत पोचतं आणि त्याच्या ओढीने हा वारा सुटतो. म्हणजे पाऊस चुकवायला एवढा विमानखर्च करून यावं, तर मान्सूनचा चुलतभाऊ आधीच पोचून आमची छत्री मिटवतोय. असो.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर 5 आलं. मी म्हटलं बास, आज उतरायचं.

आणि तिथे ती आजी होती. सत्तरीपलीकडची. डोक्यावर ही एवढी गवती हॅट, गॉगल, लिपस्टिक, गळ्यात सोन्याची चेन, आणि हा सगळा सरंजाम पाण्यात. काठापासून दहा-बारा फुटांवर, जिथे माझ्यासारख्याचे पाय टेकणार नाहीत तिथे ती उभी तरंगत होती, शेजारी तशीच एक मैत्रीण, आणि दोघींच्या गप्पा चाललेल्या. लाट यायची, दोघी वर जायच्या, लाट जायची, दोघी खाली, वाक्य मध्ये तुटायचं नाही. चाळीच्या गॅलरीत उभ्या असाव्यात तशा. लिपस्टिकला थेंब लागलेला नाही. हे बघून कुणालाही वाटेल की समुद्रात काय आहे एवढं.

मी काठावरून विचारलं, इथून येऊ का आत? हातवारे करून, इंग्रजीत. आजी हात हलवत ओरडली, "ओखी, ओखी!" मला ऐकू आलं ओके ओके. किती प्रेमळ बाई. तरी सावधगिरी म्हणून पुढचं विचारलं, खाली दगड आहेत का? आजी आणखी जोरात, "ने! ने! ने!" मला ऐकू आलं नाय नाय नाय. आता यापेक्षा स्पष्ट माणसाने काय बोलायचं? मी निघालो.

ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. आणि ओखी म्हणजे नाही. ही भाषा कुणी केली, कुठल्या रागात केली, मला माहीत नाही. पण 2017 च्या डिसेंबरात ओखी नावाचं चक्रीवादळ आपल्याकडे येऊन गेलं होतं, निदान तेवढं तरी मला त्या क्षणी आठवायला हवं होतं.

पहिलं पाऊल ठीक. दुसरं पाऊल फरशीवर. खरंच फरशी, काठालगत पाण्याखाली सपाट दगडाच्या लाद्या पसरलेल्या, वर शेवाळ, साबण लावून ठेवल्यासारखं. मी बसलो. बसलो म्हणजे बसवला गेलो. हा किनारा एकदम उतरता आहे, त्यामुळे लाट लांबवर फुटून दमत-बिमत नाही, थेट काठावर येऊन आपटते, आणि त्या दिवशी ती माझ्यावर आपटली. मग मला वर नेलं, परत खाली ओढलं, आणि दुसरीने पुन्हा वर. शेवटी किनाऱ्यावर पालथा, बर्म्युडाच्या दोन्ही खिशांत अर्धा अर्धा किलो सँटोरिनी, एका हाताने बर्म्युडा धरलेली, चष्मा समुद्रात.

आजी बाहेर आली. तिरकी चालत, एका लाटेच्या पाठीवर, अगदी जिन्यावरून उतरावी तशी. वाकून गुडघा बघितला, "पो पो पो" म्हणाली (याचा अर्थ कुठल्याही भाषेत कळतो) आणि मग आपला पाय उचलून माझ्या नाकासमोर धरला. पायात जाड तळाचे प्लास्टिकचे बूट. मग दुसरा पाय. मग माझ्या अनवाणी पायांकडे बोट, आणि मैत्रिणीला एक लांबलचक वाक्य, ज्यावर खुर्च्यांची पहिली रांग हसली. छत्रीवाला पोरगा भाषांतर करायला धावत आला, एरवी कधी धावला नव्हता. म्हणाला, ती म्हणतेय मी दोनदा नाही म्हटलं आणि दगड आहेत का विचारल्यावर तीनदा हो म्हटलं, या माणसाला अजून किती वेळा सांगायचं?

बायकोकडे व्हिडिओ आहे. "अहो, तुम्हाला काही झालं असतं तर पुरावा नको का?"

आता मला सांगा, फळ्यावर पाण्याचं तापमान 24 लिहिता, शेजारी हसरा सूर्य काढता, मग खाली लाद्या आहेत, बूट घाला, हे लिहायला खडू संपतो का? बूट मात्र रिसॉर्टच्या काउंटरवर विकायला टांगलेले, म्हणजे माहीत सगळं आहे. बीच कायद्याने सगळ्यांचा, पण जिथे बसावं तिथे यांच्या खुर्च्या. शेजारच्या पारोस बेटावर 2023 साली लोक टॉवेल घेऊन याच खुर्च्यांविरुद्ध आंदोलनाला उतरले होते. तेव्हा बातमी वाचून मी हसलो होतो. आता नाही हसत.

निघताना रिसेप्शनवरच्या मुलाने फॉर्म पुढे ओढला आणि गोड हसून विचारलं, समुद्र आवडला? मी गुडघा चोळत, तोंड वाकडं करून, मनापासून मराठीत म्हटलं, "नाय."

तो खूश झाला आणि हो वर टिक केली.