कर्नलने रॅम वगळली म्हणजे तो सदोष ठरत नाही

संगणक सुरू (बूट) होताना ३२-बिट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, काही मेमरी वगळल्याची सूचना देतो, तेव्हा तो कर्नलमधला दोष असतो. फर्मवेअरने (बोर्डावरच बसवलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने) कळवलेली सगळी रॅम त्याने स्वीकारायलाच हवी. आणि ६४-बिट कर्नल घेतला की हा प्रश्न मुळातच संपतो, असा दावा सर्रास पुढे पाठवला जातो. यातले एकही विधान टिकत नाही.

वगळले नाही तर काय होईल, ते आधी पाहू. समजा, एआरएम प्रकारचा प्रोसेसर असलेल्या एखाद्या बोर्डावर रॅम २ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते, त्याखालच्या पत्त्यांवर उपकरणांची रजिस्टर्स (त्यांना आज्ञा देण्याच्या जागा) आहेत आणि आणखी २ जीबी रॅम ४ जीबीच्या पुढे आहे. ४ जीबीचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये १ आणि त्यापुढे आठ शून्ये असा लिहिला जातो. भौतिक पत्ता (मेमरीतल्या जागेचा प्रत्यक्ष क्रमांक) ३२ बिटांतच साठवणाऱ्या कर्नलने तो तपासणी न करता घेतला, तर वरचा १ गळून पडतो आणि हाती शून्य उरते. मग उपकरणांच्या रजिस्टर्सनाच रॅम समजून कर्नल तिथे लिहू लागेल. ४ जीबीपुढचा रॅमचा हा पट्टा वगळणे हाच इथे योग्य निर्णय आहे. काहीही न सांगता तो वगळणाऱ्या कर्नलला मात्र मी दोष देईन.

'सगळी रॅम' हा आग्रहही असाच फोल आहे. लिनक्सच्या ३२-बिट एआरएम कोडमध्ये, भौतिक पत्ते ३२ बिटांचेच ठेवले असतील, तर ४ जीबीची सीमा ओलांडणारा पट्टा छाटला जातो. इतकेच नव्हे, तर पट्टा नेमका ४ जीबीवर संपत असला, तरी त्याच्या शेवटापुढचा पत्ता ३२ बिटांत मावत नाही म्हणून शेवटचे पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा छोटा तुकडा) सोडून दिले जाते. आणि अडचण नेहमी बिटांचीच असते असेही नाही : एक्स८६ प्रकारच्या प्रोसेसरवर हायमेम (वरची रॅम वापरू देणारा पर्याय) न घेता बांधलेला ३२-बिट लिनक्स नेहमीच्या मांडणीत ८९६ एमबीपर्यंतचीच रॅम वापरतो. उलट, १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून आलेल्या पीएई (३२ बिटांपेक्षा लांब भौतिक पत्ते) सुविधेमुळे ३२-बिट कर्नललाही ६४ जीबीपर्यंत पोहोचता येते.

६४-बिट कर्नललाही मर्यादा आहेतच. चार पातळ्यांच्या पेज टेबलांवर (प्रोग्रामचे पत्ते भौतिक पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यांवर) एक्स८६ लिनक्सची मर्यादा ६४ टीबी (टेराबाइट) आहे. शिवाय ४ जीबीखालचे काही पत्ते उपकरणांसाठी राखलेले असतात, आणि त्यांच्याआड गेलेली रॅम चिपसेट व फर्मवेअरने वरच्या पत्त्यांवर हलवली नसेल, तर कोणताही कर्नल तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून रॅम कमी दिसली, तर बूट लॉगच्या सुरुवातीला छापलेला फर्मवेअरचा मेमरी नकाशा पाहावा : नकाशातच रॅम कमी असेल, तर शोध फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये घ्यावा, नकाशात ती पूर्ण असून पुढे वगळल्याची ओळ असेल, तर कर्नलच्या बांधणीचे पर्याय तपासावेत.