गिटारवर घर चालतंय का ओ?

मागच्या रविवारी एक आई मुलाला घेऊन माझ्या गच्चीवरच्या खोलीत आली. मुलगा बारावीला. बोटं चांगली चालतात, कानही तयार आहे. त्यानं स्वतः बांधलेली एक चाल वाजवून दाखवली. आई दाराशीच उभी होती. निघताना तिनं एवढंच विचारलं, "सर, ह्याच्यावर घर चालतंय का ओ?"

"चालतंय की, ताई," मी म्हणालो. पण ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं आज लिहितोय.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या मागावर होते, मजुरी नगावर. आई विड्या वळायची, मजुरी हजारावर. मी मुंबईत पंधरा वर्षं सेशन गिटारिस्ट होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवणारा, मजुरी गाण्यावर. तिघंही हातावर पोट असलेले. पण आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र होतं, तिचा पीएफ कापला जायचा आणि तो पैसा बहिणीच्या लग्नात उभा राहिला. माझ्या पंधरा वर्षांची नोंद कुठंच नाही.

काम मात्र सुंदर होतं, हेही सांगितलंच पाहिजे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये गिटारची केस उशाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी मुंबईत. स्टुडिओत गेल्यावर गाणं पहिल्यांदाच कानावर पडतं. हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, समोर कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, लिहिलेला कागद, काचेपलीकडे अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य कुठं वाजणार ते ठरवणारा. तो म्हणणार, "इथं जरा हलकं पाहिजे." म्हणजे नायलॉनच्या तारा, बारा तारांची गिटार की नुसता कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, चढवून वरची कॉर्ड, हे आपण ओळखायचं. एकच रिदम दोनदा वाजवायची, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. तोच टेक, म्हणजे एकदा वाजवून रेकॉर्ड केलेला तुकडा, कॉपी करून दुसरीकडे ठेवला तर आवाज पसरत नाही, मधोमध गोळा होतो. म्हणून हाताला दुसऱ्यांदा खरंच वाजवावं लागतं. त्या दोन टेकमधला जो बारीकसा फरक असतो ना, तोच ऐकणाऱ्याला भरलेला वाटतो. त्याच्यावर माझा फार जीव आहे.

मागाच्या खटखटीत वाढलास म्हणून ताल पक्का, असं लोक म्हणतात. तसं नाही. शेडमधला प्रत्येक माग आपल्याच चालीनं चालतो. मला ताल शिकवला गणपतीच्या लेझमीनं आणि हलगीनं. शंभर पोरांनी एका ठेक्यावर पाय टाकायचा म्हटल्यावर लय अंगात शिरतेच.

आता दुखणं सांगतो. 2014 साली एका मराठी चित्रपटाच्या गाण्यासाठी मी सुरुवातीचा पीस वाजवला. कागदावर फक्त कॉर्ड होत्या, धून माझ्या हातातून आली. पाकीट घेतलं, व्हाउचरवर सही केली, गाडी पकडली. पडद्यावर माझं नाव आलं नाही, सीडीवरही नाही. पुढच्या विसर्जनाला आमच्याच पेठेत बँजो पार्टी तो पीस वाजवत होती आणि पोरं त्यावर नाचत होती. मी गर्दीत उभा होतो. शेजारच्याला सांगावंसं वाटलं, पण सांगून कोण विश्वास ठेवणार? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

त्यानंतर मी कॉपीराइटचा कायदा वाचायला लागलो. 2012 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली होती. गीतकार आणि संगीतकारानं चित्रपटासाठी हक्क लिहून दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजेल तिथल्या रॉयल्टीतला त्याचा बरोबरीचा वाटा त्याला कुणा कंपनीला देऊन टाकता येत नाही. आयपीआरएस ही त्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था 1969 पासून आहे. रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षं टिकतो. वाजवणाऱ्याचाही वेगळा हक्क आहे, तो 50 वर्षांचा. पण चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठंच नाही, त्याला कायदा कलाकारच मानत नाही. बदनामी होईल असा फेरफार रोखण्यापुरता हक्क तेवढा राहतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. नाव छापणं ही हौस नसते. नाव नसेल तर 'याचं काम किरकोळच होतं' म्हणायला समोरच्याला वाट मोकळी होते.

म्युझिक प्रोड्यूसर होऊ पाहणाऱ्या पोरांसाठी आणखी एक. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करून घेण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा. रात्रभर लॅपटॉपवर ट्रॅक उभा करणारा नव्हे. तुमचा वाटा करारात लिहिला असेल तरच तुमचा.

लक्ष्मीकांत आधी मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. दोघंही दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवता वाजवता संगीतकार झाले. अमेरिकेत नाइल रॉजर्स न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. मग स्वतःचा बँड, स्वतःची गाणी, आणि 1983 मध्ये गायक डेव्हिड बोवीचा, 1984 मध्ये गायिका मॅडोनाचा अल्बम त्यानं प्रोड्यूस केला. 2013 मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीसोबत पुन्हा गाजला, तेव्हा त्यानं साठी ओलांडली होती. हात तोच, रिदम गिटारचा. पण गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचं नाव लागलेलं होतं. माझ्या मते सेशनवाल्याचं घर या एका फरकावर चालतं किंवा अडतं. वाजवण्याचे पैसे एकदा येतात. रचनेचे पैसे गाणं वाजत राहील तोवर येऊ शकतात.

म्हणून ताई, गिटारवर घर चालतं, पण नुसतं वाजवून फार वर्षं चालत नाही. पोरानं वाजवावं, भरपूर वाजवावं, नोटेशन वाचायला शिकावं. आणि ज्या दिवशी चाल सुचेल, त्याच दिवशी कागदावर लिहावं: चाल कुणाची, शब्द कुणाचे, वाटा किती. मित्र असला तरी लिहावं. मित्र असला तर आधी लिहावं.

आणि सोलापुरात अल्बम, भक्तिगीतं, जयंतीची गाणी करणाऱ्या माझ्या सगळ्या भावांना हात जोडून विनंती. गाणं यूट्यूबवर चढवताना खाली गायकाबरोबर गिटार, ढोलकी, बँजो, कोरस, मिक्सिंग, सगळ्यांची पूर्ण नावं टाका. जुनी गाणी असतील तर आत्ता बदलून टाका, त्याला पैसे पडत नाहीत.

मी एका पानाचा साधा मराठी करार तयार केलाय, वकील मित्राकडून तपासून घेतलाय. ज्याला हवा त्यानं इनबॉक्समध्ये मागा. त्या मुलाच्या चालीसाठी त्याची पहिली प्रत भरून ठेवलीय. तो अजून अठराचा नाही, म्हणून रविवारी सहीला आईलाही बोलावलंय.