‘इंग्रजी अमदानीतील अस्सल औषधे’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

मराठी वाचकांमध्ये सध्या एक मजकूर मोठ्या आवडीने फिरवला जात आहे. त्यासोबत मुंबईच्या एखाद्या जुन्या वर्तमानपत्रातील औषधाची जाहिरात असते आणि खाली साधारण असे लिहिलेले असते : इंग्रजांच्या काळात मुंबई-पुण्याच्या बाजारात येणारा विलायती माल अस्सल असे, पेटंट औषधे सरकारने तपासून मंजूर केलेली असत आणि बाटलीवर सरकारी शिक्का असे, ती निरुपद्रवी असल्यामुळे लेकराबाळांनाही निर्धास्तपणे देता येत, कायदे इतके कडक होते की भेसळ करण्याची कोणाची छाती नव्हती, लोकांना फसवत असत ते देशी औषधवाले. हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक लोक आजच्या भेसळीला विटलेले आहेत आणि त्यांची ती तक्रार खरी आहे. परंतु तिच्या पुष्टीसाठी जो इतिहास उभा केला जातो, तो जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर वस्तुस्थितीच्या उलट आहे.

पहिला मुद्दा पेटंटचा. एखाद्या कृतीचे पेटंट घ्यायचे तर ती कृती लेखी उघड करावी लागते आणि ठरावीक मुदतीनंतर ती सर्वांसाठी खुली होते. पेटंट औषधांच्या मालकांना नेमके हेच नको होते. त्यांचा सारा धंदा गुप्ततेवर चालत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात ‘पेटंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांना पेटंट मुळी नव्हतेच. होते ते नाव, बाटलीचा आकार आणि वेष्टनावरची सही यांवरचे मालकी हक्क. औषधात काय आहे हे विकणाऱ्या दुकानदाराला ठाऊक नसे, लिहून देणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसे आणि घेणाऱ्या रोग्याला तर ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

सरकारी शिक्क्याची गोष्टही अशीच आहे. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक कर होता. एक शिलिंग किमतीच्या डबीवर दीड पेनी कर पडे, म्हणूनच जुन्या जाहिरातींत ‘एक शिलिंग दीड पेनी’ अशी चमत्कारिक किंमत वारंवार दिसते. डबीवर चिकटवलेला तो कागदी मुद्रांक कर भरल्याची पावती होता. औषध चांगले की वाईट, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. गिऱ्हाइके त्याला सरकारी हमी समजतात, हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक होते आणि तो गैरसमज त्यांच्या पथ्यावरच पडत होता. पुढे हा मुद्रांक म्हणजे सरकारची हमी नव्हे, असे त्याच्यावरच छापण्याची पाळी आली. हा कर १९४१ मध्ये रद्द झाला, तोपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे सरकारी तिजोरीला या धंद्यातून उत्पन्न मिळत राहिले.

शासनाच्या नावाचा आधार जाहिरातीत कसा घेतला जाई, हे पाहण्यासाठी डॉ. जे. कॉलिस ब्राउन यांच्या क्लोरोडाइनचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा जन्मच हिंदुस्थानशी जोडलेला आहे. ब्राउन हे लष्करी डॉक्टर होते. हिंदुस्थानात असताना पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, उतारा म्हणून त्यांनी हे मिश्रण तयार केले आणि १८५६ च्या सुमारास त्याचे उत्पादन लंडनच्या डॅव्हनपोर्ट यांच्याकडे गेले. मिश्रणात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म ही मुख्य द्रव्ये होती. १८६४ मध्ये एका प्रतिस्पर्धी विक्रेत्याशी झालेल्या खटल्यात न्यायाधीश पेज वुड यांनी क्लोरोडाइनचे मूळ शोधक ब्राउनच आहेत, असे म्हटले. हा निर्वाळा नावाच्या मालकीपुरता होता. औषधाने पटकी बरी होते की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तरीही पुढे कित्येक वर्षे त्या न्यायाधीशाचे नाव जाहिरातीच्या माथ्यावर छापले जात राहिले. त्याच्याच खाली आणखी एक मजकूर असे : मनिला येथील ब्रिटिश वाणिज्यदूताने कळवले आहे की पटकीच्या साथीत उपयोगी पडलेले एकमेव औषध म्हणजे क्लोरोडाइन, आणि ही वार्ता परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल यांनी ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संस्थेकडे पाठवली आहे. न्यायाधीश, वाणिज्यदूत आणि परराष्ट्रमंत्री ही तीन नावे एका चौकटीत वाचल्यावर मुंबईच्या वाचकाने औषध सरकारमान्य समजले, तर त्याचा दोष कसा मानावा? त्या चौकटीत औषधाची चाचणी मात्र कोठेही नाही.

आणि गुणाचे काय? अफूमुळे जुलाब काही काळ थांबतात, पोटातली कळ शमते, रोगी शांत पडतो. पटकीत माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. ती झीज भरून काढण्याचे काम क्लोरोडाइन करू शकत नव्हते. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरेतून क्षारद्रव देण्याची पद्धत रूढ केली आणि मृत्यूंचे प्रमाण खरोखर खाली आणले. ती पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली, तिच्यात काहीही गुप्त नव्हते.

निरुपद्रवीपणाचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याचा संबंध तान्ह्या मुलांशी आहे. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हे अमेरिकेत तयार होऊन इंग्रजी अंमलाखालच्या मुलखांतही विकले जाणारे, दात येणाऱ्या बाळांसाठीचे सरबत. त्यात मॉर्फिन हे अफूतले द्रव्य होते. बाळ निजत असे ते त्यामुळे, आणि मात्रा चुकली की ते उठत नसे. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने मॉर्फिन, अफू आणि मद्यार्क यांचा उल्लेख लेबलावर सक्तीचा केला, तेव्हा कुठे तिथल्या आयांना बाटलीत काय आहे ते कळले. तो कायदा मुंबईला लागू नव्हता. याच मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवतात, म्हणून अधिकारी आणि परोपकारी मंडळी त्यांना अडाणी ठरवत होती. बाळगोळी घातकच होती, तिचे समर्थन कोणी करू नये. पण अफूतलेच द्रव्य कोरीव अक्षरांच्या लेबलाखाली आले की ते सुधारलेल्या घराचे लक्षण ठरत होते, आणि हा भेदभाव औषधशास्त्रातून आलेला नव्हता. सौम्य समजल्या जाणाऱ्या मालाचीही कथा निराळी नाही. आपल्याकडे घरोघर पोचलेल्या वुडवर्डच्या ग्राइप वॉटरच्या मूळ कृतीत शेपूचे तेल, खाण्याचा सोडा आणि साखर यांच्या जोडीला ३.६ टक्के मद्यार्क होता.

बाकीच्या कित्येक औषधांत घातक असे काही नव्हते, तसेच उपयोगाचेही फारसे नव्हते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांच्या रासायनिक पृथक्करणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बीचमच्या प्रसिद्ध गोळ्यांमध्ये कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच सापडले. छप्पन्न गोळ्यांच्या डबीची किंमत १ शिलिंग १½ पेनी आणि आतल्या द्रव्यांचा खर्च अर्धी फार्दिंग (पेनीचा आठवा भाग), म्हणजे किंमत खर्चाच्या शंभरपटीहून अधिक. फिकट माणसांसाठीच्या ‘पिंक पिल्स’मध्ये मुख्यतः हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, होता. हॉलोवे यांनी आपल्या गोळ्या आणि मलम खपवण्यासाठी १८४२ मध्ये जाहिरातींवर ५,००० पौंड खर्च केले होते; १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर हा वार्षिक खर्च ५०,००० पौंडांवर गेला होता. गिऱ्हाइकाच्या पैशातून काय विकत घेतले जात होते, ते या आकड्यांतच आहे.

आता ‘कडक कायद्यां’कडे वळू. ब्रिटनमध्ये पेटंट औषधांच्या चौकशीसाठी संसदेची समिती नेमली गेली होती. तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे महायुद्धात उतरण्याच्या दिवशीच, प्रसिद्ध झाला आणि युद्धाच्या धामधुमीत बाजूला पडला. खुद्द विलायतेत ही स्थिती, तर वसाहतीत काय असणार? हिंदुस्थानात अफूची विक्री १८७८ च्या कायद्याने परवान्याखाली आणली होती, ती मुख्यतः महसुलासाठी. सोमल (आर्सेनिक) आणि तत्सम विषांसाठी १९०४ चा कायदा होता. मात्र आयात औषधाचा कस, त्याची शक्ती, त्यावरील दावे यांची तपासणी करणारा देशव्यापी कायदा नव्हता. त्यामुळे इतर देशांत खपू न शकणारा निकृष्ट माल येथे येऊन पडत होता. १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, या प्रश्नावर ठराव आला. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिने देशभर साक्षी घेतल्या आणि १९३१ च्या अहवालात बनावट, कमी शक्तीच्या आणि भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट असल्याचे नोंदवले. हिवतापाच्या देशात त्यावरच्या कोयनेलसारख्या (क्विनाइन) औषधाबद्दलही तक्रारी होत्या, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. त्यानंतरही औषध कायदा व्हायला १९४० आणि त्याचे नियम व्हायला १९४५ साल उजाडले. म्हणजे ज्या कडक कायद्याची आठवण काढली जाते, तो इंग्रजी राज्याच्या अगदी अखेरीस आला, आणि तोही सरकारला आपणहून सुचला म्हणून नव्हे.

‘विलायती माल म्हणजे अस्सल माल’ हे कापडाच्या बाबतीतही खरे नाही. लँकेशायरच्या गिरण्या पूर्वेकडे पाठवायच्या स्वस्त कापडाला खळीबरोबर चिनी माती भरत असत, त्यामुळे विरळ विणीचे कापड हाताला जड आणि घट्ट लागे. पहिल्या धुण्यात माती वाहून जाई आणि खरी वीण दिसे. दमट हवेत, जहाजाच्या तळघरात, अशा कापडाला बुरशी लागे आणि त्यावरून व्यापाऱ्यांत तंटे होत. त्या धुळीचा त्रास विणकरांनाही होत होता. टॉडमॉर्डनच्या विणकरांच्या तक्रारीवरून १८७२ मध्ये डॉ. ब्यूकॅनन यांना सरकारी अहवाल द्यावा लागला. १८८९ च्या हिंदुस्थानी व्यापारचिन्ह कायद्याने कापडाच्या प्रत्येक ताग्यावर त्याची लांबी वारांत छापण्याची सक्ती केली. ताग्यांची मापे चोख असती, तर अशा कलमाची गरज पडली नसती.

तेव्हा सगळाच आयात माल टाकाऊ होता काय? नाही. कोयनेल हे खरे औषध होते आणि १८९२ पासून बंगालात ते टपाल कचेऱ्यांतून पैशाच्या पुड्यांत मिळू लागले. शस्त्रक्रियेची हत्यारे, कार्बोलिक आम्ल, क्लोरोफॉर्म यांनी रुग्णालयांचे रूप पालटले. ज्या दुकानाच्या नावावरून मुंबईतील केम्प्स कॉर्नर ओळखला जातो, तशा मोठ्या औषधविक्रेत्यांकडे जाणकार माणसे प्रमाणित औषधे तयार करून देत असत. प्लेगच्या काळात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : त्यांचे घटक आणि कृती जाणकारांना तपासता येत होती. जाहिरातीतली बाटली या पंगतीत बसत नाही.

राहिला देशी औषधवाल्यांचा मुद्दा. फसवे लोक त्यांच्यातही होते आणि विलायती जाहिरातीची सारी तंत्रे, म्हणजे आभारपत्रे, मालकाचे छायाचित्र, नकली मालापासून सावध राहण्याचा इशारा, त्यांनी लवकरच उचलली. पण याच काळात पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा कारखाना उभा राहिला, मुंबईत १८९३ मध्ये अमृतांजन सुरू झाले, डोंगरे यांचे बालामृत घरोघर गेले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रेरणेने १९०७ मध्ये बडोद्यात अलेंबिकचा पाया घातला गेला. या सर्वांना एकाच शब्दात भोंदू ठरवणे हा त्या पिढीच्या खटपटीवर अन्याय आहे. कायद्याने दोन्ही बाजूंना सारखेच मोकळे सोडले होते. १९४० च्या कायद्याने आयात पेटंट औषधांना आपले घटक उघड करण्याचे बंधन घातले, तेव्हाही निव्वळ आयुर्वेदिक व युनानी पद्धतीत वापरली जाणारी औषधे त्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती. ती कायद्याखाली आली १९६४ च्या दुरुस्तीने, स्वतंत्र भारताच्या संसदेत.