स्मॉलमाउथला ग्लासचा रॉड चालत नाही, हे कुणी ठरवलं?

पाणी जरा कोमट झालं की एक सल्ला दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. अमेरिकेतल्या टॅकलच्या दुकानांत तो ऐकू येतो, यूट्यूबवर दिसतो आणि आता आपल्या इथल्या मराठी ग्रुपांवरही फॉरवर्ड होऊन येतो. सल्ला थोडक्यात असा: ‘स्मॉलमाउथ बाससाठी फायबरग्लासचा फ्लाय रॉड घेऊ नका. ग्लास म्हणजे उकडलेली शेवई. त्याने जड फ्लाय फेकता येत नाही, गळ रुतत नाही, मोठा मासा आवरत नाही, आणि वर हात दुखतो. ग्लास ओढ्यातल्या ट्राउटसाठी ठीक. बासला 9 फुटी, 8 वेटचा, फास्ट ग्रॅफाइटच हवा.’ (स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष. ‘वेट’ म्हणजे रॉड कुठल्या नंबरच्या लाइनसाठी आहे तो आकडा, ‘फास्ट’ म्हणजे टोकापाशीच वाकणारा ताठ रॉड, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बन तंतू.)

ज्यांना ऐन वाऱ्यात, मोठ्या तळ्यावर, बोटीतून मासे धरायचे आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला वाईट नाही. पण आपल्यापैकी बहुतेकजण स्मॉलमाउथ धरतात ते गुडघाभर ते मांडीभर पाण्यात उभं राहून, सस्क्वेहाना, पोटोमॅक किंवा शेनँडोआसारख्या खडकाळ नदीत. तिथे हा सल्ला जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर घसरतो. कारण तो रॉड कशाचा बनला आहे एवढंच बघतो. मासा किती अंतरावर आहे आणि पाणी कसलं आहे, हे विचारतच नाही.

आधी ‘ग्लास ट्राउटसाठीच’ हे घेऊ. ओहायोतल्या टोलेडोच्या आर्थर होवाल्ड यांनी काचतंतूंपासून रॉड बनवण्याची पद्धत काढली आणि शेक्सपिअर कंपनीने 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वंडररॉड’ बाजारात आणला. पुढे फ्लाय फिशिंगचे नामांकित गुरू झालेले लेफ्टी क्रे हे मासेमारीवर लिहिणाऱ्या जो ब्रुक्स यांच्याबरोबर पोटोमॅकवर गेले आणि फ्लायवर स्मॉलमाउथ कसे येतात ते बघून या नादाला लागले, तेही 1947 मध्येच. पुढची पंचवीसेक वर्षं फ्लायवरचा बास आणि ग्लासचा रॉड हातात हात घालून वाढले. फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचा रॉड आणला तो 1973 च्या सुमारास. त्याआधी लोक बास, सॅमन, अगदी समुद्रातला भलामोठा टार्पनसुद्धा धरत होते ते ग्लासवरच. (पोटोमॅकमधला स्मॉलमाउथ मुळात तिथला नाहीच, हे जाता जाता. 1854 मध्ये ओहायो खोऱ्यातले मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगर ओलांडून आणून तिथे सोडले. आज त्या नदीचा मानबिंदू मानला जाणारा मासा असा फुकट रेल्वेप्रवास करून आलेला आहे.)

मग ग्लास ट्राउटपुरताच, हा समज आला कुठून? तर ग्रॅफाइट आल्यावर कंपन्यांनी ग्लासचे जड नंबर बंद केले. पुढे ग्लासची हौस परत आली ती छोट्या ओढ्यांवरच्या 3-4 वेटच्या नाजूक रॉडांपासून. लोकांनी तेच हातात घेऊन बघितलं आणि ग्लास असाच असतो असं धरून चालले.

आता शेवईचं बघू. काचतंतू कार्बनपेक्षा लवचीक आहे, यात वाद नाही. साध्या ई-ग्लासचं ताठपणाचं माप साधारण 72 गिगापास्कल, एस-ग्लासचं 86 च्या आसपास, आणि नेहमीच्या कार्बन तंतूचं 230 च्या घरात. पण हा झाला धाग्याचा ताठपणा. रॉडचा ताठपणा नळीचा व्यास, भिंतीची जाडी आणि तिचा निमुळतेपणा मिळून ठरतो. ग्लासवरही 8 वेट लिहिलं असेल तर त्याला 8 नंबरची लाइन पेलावीच लागते. म्हणूनच जड नंबरचा ग्लास हातात घेतला की चांगला जाडजूड लागतो.

फ्लाय फिशिंगमध्ये फेकतो ती लाइन, फ्लाय नुसता मागोमाग जातो. लाइनचा नंबर ठरतो तो तिच्या पुढच्या 30 फुटांच्या वजनावर. ठरलेल्या मापाने 6 नंबरला 160 ग्रेन, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम. 7 ला 185 ग्रेन, 8 ला 210. आता नदीतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. पाण्यातून वर आलेली खडकाची कड आहे, तिच्यामागे संथ पाण्याचा पट्टा आहे, मासा त्या पट्ट्याच्या काठावर उभा आहे. तुम्ही त्याच्यापासून 35 फुटांवर. त्यातले 8-9 फूट लीडरचे (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा), 8 फूट रॉडचेच. टोकाबाहेर खरी लाइन उरली अठरा-वीस फूट, म्हणजे 6 नंबरचं पूर्ण वजनसुद्धा बाहेर नाही. एवढ्याशा वजनाने फास्ट ग्रॅफाइटचं जेमतेम टोक वाकतं, बाकीचा रॉड काठीसारखा सरळ राहतो आणि सगळं काम मनगटाला करावं लागतं. ग्लास तेवढ्या वजनावरही मधल्या भागापर्यंत वाकतो आणि लाइन सोडतो. खडकांच्या नदीत बहुतेक मासे 25 ते 45 फुटांच्या टप्प्यात लागतात. ‘लांब जात नाही’ ही तक्रार म्हणजे जे अंतर आपल्याला नकोच आहे त्याची तक्रार.

दुकानात रॉड हातात घेऊन हवेत हलवून बघायची सवय मात्र सोडा. लाइनशिवाय हलवलेला ग्लास नेहमीच लुळा वाटतो. दुकानामागच्या हिरवळीवर लाइन लावून फेकून बघू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.

जड फ्लायचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. स्मॉलमाउथचा सगळ्यात नावाजलेला फ्लाय म्हणजे क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी तो सस्क्वेहानाच्या बाससाठीच बांधला. डंबेलसारखे शिशाचे डोळे असल्याने तो गळाचं टोक वर करून खाली उतरतो. हा फ्लाय घट्ट, अरुंद लूपने (फेकताना हवेत लाइनचा होतो तो वळसा) फेकला की लाइन वळताना तो झटका मारतो आणि कधी कधी सरळ रॉडवर आपटतो. त्यावर जुना उपाय आहे: मागचा फेक बाजूने, आडवा घ्यायचा, हात न थांबवता गोल फिरवत पुढचा फेक वरून काढायचा, म्हणजे लाइन कुठेच सैल पडत नाही. या फेकीला मंद, म्हणजे ग्लाससारखा खोलवर वाकणारा रॉड फार सोयीचा. फास्ट रॉडवर तीच गोष्ट जमते, पण घाई करायचा मोह आवरावा लागतो. आणि आपटलाच, तर शिशाचा तो गोळा ग्रॅफाइटच्या भिंतीला दिसणारही नाही असा ओरखडा पाडतो. मग दोन महिन्यांनी चांगला मासा ओढताना रॉड तिथूनच कडकन मोडतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. काचतंतू तुटण्याआधी कार्बनच्या दुपटीहून जास्त ताणला जातो, म्हणून असले फटके तो बराच सोसतो.

खरा अर्धा भाग वाऱ्याचा. समोरून वारा असेल तर ग्लास मागे पडतो. नळी जाड, त्यामुळे हवा जास्त कापावी लागते. टोक जड, त्यामुळे थांबवल्यावरही ते थोडं डुलत राहतं आणि लूप रुंद होतो. बुडणारी लाइन दिवसभर फेकायची असेल तरीही तेच. लेक ईरी किंवा सेंट क्लेअरवर बोटीतून खोल पाण्यात मासे शोधायला निघालात तर सरळ 8 वेटचं ग्रॅफाइट घ्या. तिथे मीही ग्लास नेणार नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो गळ रुतण्यावरून. म्हणे बासचा जबडा टणक, ग्लासचं टोक मऊ, म्हणजे झटका वाटेतच जिरतो. हे म्हणणाऱ्याने मासा लागल्यावर रॉड वर उचलला असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. ती ट्राउटची सवय. तिथे बारीक गळ आणि नाजूक टिपेट (लीडरचं फ्लायकडचं शेवटचं टोक) असतं, टोकाने झटका जिरवावा अशीच अपेक्षा असते. बासला रॉड उचलून गळ बसवायचाच नाही.

पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत आवाज करणारा फ्लाय, कडेजवळ पडला. वलयं विरेपर्यंत थांबायचं. रॉडचं टोक पाण्याला टेकल्यासारखं, पॉपरच्या रोखाने सरळ. लाइन उजव्या हाताच्या बोटाखालून डाव्या हातात. मध्ये ढील नाही. पॉपरला एक ‘ब्लुप’ दिला की पाणी फुटतं. स्मॉलमाउथ पुष्कळदा उडी मारत नाही, नुसता वर येऊन घोट घेतल्यासारखा पॉपर आत ओढतो. त्या क्षणी रॉड जिथे आहे तिथेच ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ, लांब मागे खेचायची. रॉड लाइनच्या रेषेत असल्याने तो वाकतच नाही. सगळा जोर हातापासून गळापर्यंत सरळ पोचतो. तिथे रॉड ग्लासचा असो, ग्रॅफाइटचा असो की बांबूचा, फरक शून्य. लाइन ताठ होऊन माशाचं वजन जाणवलं की मगच रॉड बाजूला वाकवायचा. आणखी एक फायदा: मासा चुकला तर पॉपर हातभरच पुढे सरकतो, आणि मासा पुष्कळदा फिरून परत येतो. रॉड उचलणाऱ्याचा पॉपर तोवर झाडात असतो. गळाला मात्र धार हवी. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून ओढल्यावर ते घसरलं, तर आधी कानस काढा, रॉडला दोष नंतर द्या.

‘मोठा मासा आवरत नाही.’ किती मोठा? 20 इंची स्मॉलमाउथ चार पौंडांच्या आसपास भरतो आणि तो मिळाला की माणूस वर्षभर फोटो दाखवत फिरतो. विश्वविक्रम आहे 11 पौंड 15 औंसांचा, 1955 मध्ये डेल हॉलो तलावातला. दुसरीकडे 1967 मध्ये, म्हणजे ग्रॅफाइटच्या आधीच्या काळात, स्टू ॲप्टे यांनी 12 पौंडी टिपेटवर 151 पौंडांचा टार्पन काढला होता. तेव्हा टार्पनवाल्यांच्या हातात ग्लासच असायचा.

यामागचं गणित सोपं आहे. मासा ओढताना रॉड ही आपल्याविरुद्ध काम करणारी तरफ असते. छोटी बाजू आपल्या हातात, लांब बाजू माशाकडे. रॉड जितका लांब आणि ताठ, तितका तोटा आपला. 8 फुटी ग्लास खोल वाकला की ती लांब बाजू आखडते आणि माशाची ओढ मुठीजवळच्या जाड भागावर येते. रॉड आडवा, पाण्यालगत धरून माशाचं तोंड बाजूला वळवत राहिलं तर तो लवकर दमतो. जुलैच्या तापलेल्या पाण्यात हे महत्त्वाचं, कारण मासा सोडून द्यायचा असतो आणि जितका लांबवाल तितका तो सोडल्यावर वाचण्याची शक्यता कमी. रॉड डोक्यावर उभा धरून फोटोसारखी कमान करणाऱ्याला मात्र कुठलाच रॉड वाचवू शकत नाही.

वजनाबद्दल एवढंच: हो, ग्लास जड असतो, त्याच नंबरच्या ग्रॅफाइटहून औंसभराच्या आसपास. त्याला अंगचं वजन असलेला रील लावा, मुठीपाशी तोल साधतो.

आता निवडीचं. एकच घ्यायचा असेल तर 8 ते साडेआठ फूट, 6 वेट, एस-ग्लास. 4 आणि 6 नंबरच्या गळावरचे पॉपर, हलके क्लाउझर, क्रेफिशचे फ्लाय सगळं त्यावर निभतं. नदी रुंद असेल, पॉपर मोठे असतील तर 7 वेट. हरणाच्या केसांचे गुबगुबीत बग फेकायचेच असतील तर 8. मासे वीतभर आणि ओढा अरुंद असेल तर 5 वेटसुद्धा गंमत आणतो, पण त्यावर शिशाचे डोळे नकोत. साडेआठ-पावणेनऊ फुटांच्या पुढे जाऊ नका. लांब ग्लास टोकाकडे जड होतो आणि मग शेवईची तक्रार खरी ठरते. नमुना हवा तर न्यूझीलंडच्या एपिक कंपनीच्या दोन रॉडांचे आकडे बघा: 686 म्हणजे 8 फूट 6 इंच, 6 वेट, 888 म्हणजे 8 फूट 8 इंच, 8 वेट. मी पहिला घेईन.

लाइन घेताना फसू नका. बासच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक लाइनी मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवतात, कारण त्या ताठ ग्रॅफाइट वाकवण्यासाठी असतात. ग्लासवर तीच लाइन लावली की रॉड झोपतो आणि दोष ग्लासच्या माथी येतो. खोक्यावरचे ग्रेन वाचा. 6 नंबरला 160 च्या आसपास, पुढचा जड भाग आखूड असलेली तरंगती लाइन पुरे.

जुना फेनविक मिळत असेल तर सोडू नका. FF807 अशा नावात पहिले दोन आकडे लांबी सांगतात आणि शेवटचा लाइनचा नंबर: 8 फूट, 7 वेट, स्मॉलमाउथच्या नदीला अगदी मापाचा. घेण्याआधी जोड घट्ट बसवून हलवून बघा, खटखट वाजला तर नको. जोडाच्या दोऱ्याखाली उभी चीर आहे का ते उन्हात फिरवून पाहा, आणि मार्गदर्शक कड्यांमधून कापसाचा बोळा ओढा. कुठे धागा अडकला तर ते कडं बदलावं लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.