श्वास रोखून पोहल्यानं लाल पेशी वाढत नाहीत, तो मेसेज पुढे पाठवू नका

नाशिकमधल्या स्विमिंगवाल्या पालकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय: मुलांना अख्खी लॅप, म्हणजे तलावाची एक लांबी, श्वास न घेता मारायला लावा, ऑक्सिजन कमी पडला की शरीर लाल पेशी वाढवतं, हिमालयातलं ट्रेनिंग घरबसल्या. लॅपच्या आधी वीसेक जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजन साठवा. श्वास ओढायला जड करणारा ट्रेनिंगचा मास्क लावून पळवा. रविवारी कळसूबाईला न्या. ऑलिम्पिकवाले हेच करतात. यातली एक गोष्ट पोराचा जीव घेऊ शकते म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो.

ते वीस जोरात श्वास. हे कृपा करून कोणीच करू नका. निरोगी माणसाच्या रक्तात बसल्या जागीही ऑक्सिजन 97-98 टक्के भरलेलाच असतो, कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटरवर आपण सगळ्यांनी हा आकडा बघितलाय, मग त्यात अजून साठवणार कुठे? जोरजोरात श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर जातो, आणि "आता श्वास घे" ही आतून येणारी तडफड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळेच येते. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली. पोरगं पाण्याखाली आरामात पुढे सरकतंय, त्याला कसलाच त्रास वाटत नाहीये, तिकडे ऑक्सिजन संपतो आणि ते बेशुद्ध पडतं. हातपाय झाडत नाही, ओरडत नाही, काठावरून बघणाऱ्याला वाटतं की तळाच्या टाइल्सपाशी थांबून प्रॅक्टिसच करतंय. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान होऊ शकतं. याला शॅलो वॉटर ब्लॅकआउट म्हणतात, हे कंबरभर पाण्यातही होतं आणि चांगलं पोहणाऱ्या, जिद्दी पोरांनाच जास्त होतं कारण तीच स्वतःला ताणतात. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पोरं "कोण जास्त वेळ खाली राहतं" खेळतात, तिथे तर लाइफगार्डही नसतो.

आता लाल पेशी. त्या बनवायचा निरोप एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन देतं, ते किडनीतून येतं आणि त्यासाठी ऑक्सिजन तासन्‌तास, रोज कमी राहावा लागतो. म्हणून खेळाडू 2000 ते 2500 मीटर उंचीवर तीन-चार आठवडे मुक्कामच टाकतात, झोपणं-उठणं सगळं तिथेच. आपल्या पोराचा अर्ध्या मिनिटाचा श्वास रोखणं त्याच्यापुढे काहीच नाही. श्वास रोखून पोहण्याची ही कल्पना 1970 च्या दशकात जेम्स काउन्सिलमन या अमेरिकन कोचनं लोकप्रिय केली, ऑलिम्पिक विजेता स्विमर मार्क स्पिट्झचे कोच, माणूस मोठा होता यात वाद नाही. पण नंतर मोजमाप केलं तेव्हा दिसलं की पाच-सात स्ट्रोकला एकदा श्वास घेऊन पोहलं तर ऑक्सिजन फारसा उतरत नाही, वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. सेटनंतर पोरांचं डोकं दुखतं ते त्यामुळेच, त्याला "ट्रेनिंग लागलं" समजू नका.

मास्कचं थोडक्यात सांगतो. लेहच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो, कमी असतो तो हवेचा दाब, आणि मास्कनं दाब बदलत नाही, श्वास ओढायला जड जातं एवढंच. कळसूबाई 1646 मीटर, सकाळी चढलात संध्याकाळी उतरलात, एका दिवसात रक्तात काही बदलत नाही. ट्रेक म्हणून जरूर जा.

ऑलिम्पिकवाल्यांचं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. 50 मीटर फ्रीस्टाइलला टॉपचे स्विमर एखादाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत. स्टार्ट आणि टर्ननंतर 15 मीटरपर्यंत पाण्याखाली डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून किक, मारायची नियमात मुभा आहे, 1988 च्या सोल ऑलिम्पिकला बॅकस्ट्रोकवाले त्याहून कितीतरी लांब पाण्याखालून गेले म्हणून तर ही मर्यादा आली. तर हो, श्वासावर ताबा शिकवावा लागतो, पण तो टेक्निकसाठी, डोकं न हलवता स्ट्रोक नीट बसावा म्हणून. अंतर छोटं, आधी एकच नेहमीसारखा श्वास, मध्ये भरपूर विश्रांती, कोणाशी स्पर्धा नाही, आणि कोच काठावर उभा राहून त्याच पोराकडे बघतोय, मोबाइलकडे नाही. सावरकर तलावावर जाता की सोसायटीच्या टाकीत, तुमच्या कोचला हे सरळ विचारा, विचारण्यात संकोच कसला.

आणि रक्ताचीच एवढी काळजी असेल तर आधी पोराचं, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलीचं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असेल तर महिनाभर डोंगरावर राहूनही लाल पेशी धड बनत नाहीत. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच द्या, पण पहाटेच्या प्रॅक्टिसनंतर पोह्यांवर लिंबू पिळा आणि त्याच्याबरोबरचा चहा बंद करा, चहानं लोह नीट अंगाला लागत नाही, हवाच असेल तर तासाभरानं द्या.