अहो, गुडघ्यातून वाका!

पहाटेपासून खपून घर ते रस्ता अशा ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ करावा, फावडं भिंतीला टेकवावं, हातमोजे काढावेत आणि नेमका त्याच मिनिटाला पिवळे दिवे मिचकावत स्नोप्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी, यावा. आला तसा जावा, आणि जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा गुडघाभर बांध घालून जावा. येरे माझ्या मागल्या! आज पुन्हा तेच झालं, आणि राग अजून उतरलेला नाही.

आकाशातून पडलेल्या बर्फाशी माझं भांडण नाही. ताजा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला जेमतेम ५० ते १०० किलो भरतो. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद ड्राइव्हवेवर २० सेंटिमीटर पडला तर झाले ६ घनमीटर, म्हणजे जास्तीत जास्त ६०० किलो. सहाशे किलो हा आकडा हसत वाचायचा नाही हे खरं, पण निदान तो फावड्यावरून सहज सुटतो. प्लाऊनं लोटलेला माल वेगळा. पात्यानं चेपलेला, रस्त्यावरच्या मिठानं अर्धवट विरघळलेला, मध्येमध्ये बर्फाची ढेकळं. पडतो तेव्हा ओल्या सिमेंटसारखा आणि तासाभरात दगड. म्हणून त्याला हात घालायचा तो लगेच, पाठ कितीही ‘नको’ म्हणत असली तरी.

मी हात घातला आणि वरून आवाज आला, “अहो, कमरेतून नको, गुडघ्यातून वाका!”

शेजारचे काका. बाल्कनीत, हातात वाफाळता कप. त्यांच्याकडचा बर्फ काढायला माणूस येतो, त्यामुळे त्यांना या विषयाचा अभ्यास करायला भरपूर वेळ मिळतो. उंटावरून शेळ्या हाकणारे बरेच पाहिलेत, पण शेळीचा गुडघा कुठे वाकायला हवा इतक्या बारकाईनं बघणारे हेच.

“आणि उचलू नका. ढकला. उचलायचंच असेल तर फावडं अर्धंच भरा.”

“हो, काका.”

“खांद्यावरून मागं फेकताय तुम्ही. कंबर पिळू नका. आधी पाय वळवा, मग फेका.”

“हो.”

“पात्याला मेण लावलंय?”

“नाही.”

“मग चिकटणारच! मेणबत्ती घासली तरी चालते. दोन्ही बाजूंनी घासा. आणि श्वास रोखू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात हातांनी जोर लावायचा, वर श्वास रोखायचा, म्हणजे रक्तदाब चढतो. बर्फ काढता काढता लोकांना हार्ट अटॅक येतात.” एवढं बोलून त्यांनी शांतपणे एक घोट घेतला.

संतापजनक भाग असा, की यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. काका बिनचूक बोलतात. फक्त बाल्कनीतून खाली उतरत नाहीत.

बांधाचा शेवटचा तुकडा निघाल्यावर त्यांनी खरा ठेवा बाहेर काढला. “बांध पडतोच का, माहितीये? प्लाऊचं पातं तिरकं असतं. बर्फ कडेकडेनं घरंगळत येतो आणि काठाला जिथं मोकळी जागा मिळेल तिथं सांडतो. ती पहिली मोकळी जागा म्हणजे तुमचं दार. तेव्हा दाराच्या आधीच त्याला एक खिसा करून द्यायचा. गाड्या उजवीकडून चालतात ना? मग रस्त्याकडे तोंड करून उभे राहा, प्लाऊ डावीकडून येणार. डाव्या बाजूला काठानं दोन-तीन मीटर जागा खरवडून ठेवा. पातं तिथंच रिकामं होतं. आणि दारातला बर्फ नेहमी उजवीकडे टाकायचा, नाहीतर तोच पुढच्या फेरीत परत येतो. गाड्या डावीकडून चालत असतील तर सगळं उलट.”

“काका, हे पहाटे का नाही सांगितलंत?”

“पहाटे मी झोपलेला असतो.”

माझ्या कपाळावर घाम होता आणि पापण्यांवर दहिवर, त्यामुळे चेहऱ्यावर काय उमटलं ते त्यांना दिसलं नसावं.

मिठाचं प्रकरण तर विचारूच नका. साधं मीठ उणे ९ अंशांपर्यंत बरं काम करतं, त्याखाली रेंगाळतं आणि उणे २१च्या खाली हात टेकतं. तरी उणे पंधरात वीतभर बर्फावर मुठीमुठीनं मीठ उधळून मंडळी चमत्काराची वाट बघत उभी राहतात. आधी बर्फ काढायचा, मग उरलेल्या पातळ थरावर मीठ. कडाक्यात कॅल्शियम क्लोराइड. नाहीतर सरळ वाळू. ती काही वितळवत नाही, पण निदान माणूस आडवा होत नाही.

बर्फ खेचून नळकांड्यातून लांब फेकणारं मशीन घ्या, असंही काका सुचवून झाले. मशीनमध्ये ढेकूळ अडकलं की शिअर पिन तुटते. गिअरबॉक्स वाचावा म्हणून ती तुटायलाच बनवलेली असते, तेव्हा जादा पिना खिशात हव्यात. ओल्या बर्फानं नळकांडं तुंबलं की इंजिन बंद करून काठीनंच साफ करायचं. बंद मशीनमध्येसुद्धा पट्ट्याचा ताण उरलेला असतो. तुंबलेला बर्फ सुटला की आतलं पातं फिरू शकतं, आणि हात आत असेल तर बोटं जातात.

सुख नाही असं नाही. ताज्या बर्फात हवा इतकी असते की तो आवाज गिळून टाकतो. पहाटे सगळी गल्ली कानात कापूस घातल्यागत होते. पण त्यातही खोडी आहे. पोरांचा बर्फाचा माणूस होतो तो शून्याच्या आसपासच्या ओलसर बर्फाचा, आणि फावड्यावर सर्वांत जड बसतो तोही हाच. हलका बर्फ उचलायला सोपा, पण त्याचा साधा गोळा वळत नाही आणि वारा आला की तो अंगणात परत हजर.

तेही चालवून घेतलं असतं. पण बऱ्याच शहरांत नियम असा, की घरासमोरचा फुटपाथ घरवाल्यानं साफ करायचा आणि काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही. ढकलला तर दंड. रस्त्यावरचा बर्फ माझ्या दारात आणून ओतायला मात्र कुणाला कसलाच दंड नाही! प्लाऊच्या पात्याच्या टोकाला खालीवर होणारी झडप बसवता येते. दारासमोर ती खाली सोडली की बर्फ सांडत नाही, पुढं जातो. काही ठिकाणी वापरतातही. पण त्यानं गाडीचा वेग मंदावतो, खर्च वाढतो. माझी पाठ फुकट आहे.